डावीकडून आलेला फेटा

प्रिय आबा,

मशीनवर ब्लाउज तसाच पडलाय, एक बाही लावायची राहिलीय. गिऱ्हाईक येऊन तोंड वाकडं करून गेलं. जाऊ दे. आज माझं चित्त ठिकाणावर नाही. चहा टाकते तर उतू जातो, बसते तर उठावंसं वाटतं, आणि उठले की कशाला उठले तेच आठवत नाही.

तुम्ही असताना मी तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहून करायचं काय? तुम्हाला वाचता कुठं येत होतं! पण आता एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. म्हणून कागद घेतलाय. वाचून दाखवायला तिथं कुणीतरी भेटेलच की तुम्हाला.

आबा, तुम्हाला बाजूचं दिसत होतं का?

सुरुवातीपासून सांगते. सुईत दोरा जाईना म्हणून मी चष्म्याचा नंबर काढायला गेले. म्हटलं, चाळिशी काय सगळ्यांनाच येते. आपले केजचे बशीरभाई, त्यांनी काचा बदलून बदलून नंबर काढला आणि म्हणाले, ताई, चष्मा देतो, पण आंबेजोगाईला जाऊन एकदा डोळा आतून दाखवून या. मला वाटलं, यांचं आणि त्या डॉक्टरचं काहीतरी साटंलोटं असणार. तरी गेले.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. डोळ्यात थेंब घालून बसवून ठेवलं, मग दिवा लावून आत बघितलं, डोळ्याचं प्रेशर मोजलं. डोळ्यालाही प्रेशर असतं, आबा! मला आपलं कुकरचंच ठाऊक. मग एका पांढऱ्या टोपल्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालायला लावलं. समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला बारीक दिवे चमकतील, दिवा दिसला की बटण दाबायचं. मी दाबत गेले. बाहेर आले तेव्हा वाटलं, पैकीच्या पैकी मार्क पडले. कागद बघते तर कडेकडेनं सगळं काळं.

बाई म्हणाल्या, या काळ्या जागी पण दिवे लागले होते, तुम्हाला ते दिसलेच नाहीत. मी भांडायलाच उठले. म्हटलं, मला कुठंच काळं दिसत नाही, मग हे काळं आलं कुठून? तर शांतपणे म्हणाल्या, काळं दिसत नाही हाच तर या रोगाचा कावा आहे. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं लख्ख दिसतं. कडेचं हळूहळू जातं, आणि गेलं ते माणसाला कळतच नाही.

काचबिंदू म्हणतात त्याला. मोतीबिंदू वेगळा, तो काढता येतो. यात गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखायची. रोज थेंब घालायचे, जन्मभर. मी म्हटलं, बरं. घालीन. माझ्या पोटापाण्याचा धंदाच डोळ्यावर आहे, न घालून सांगते कुणाला?

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? हे रक्तात येतं.

मी म्हटलं, न्हाई. आमच्या आबांना मोतीबिंदू होता, शिबिरात ऑपरेशन झालं, पुढं मरेपर्यंत मेंढरं राखली. असं म्हणून मी चप्पल घालायला वळले आणि बाजूच्या स्टुलाला धडकले. ते स्टूल तिथंच होतं म्हणे. धडकले आणि आबा, तुमचा धक्का आठवला. दाराच्या चौकटीला तुमचा डावा खांदा लागायचा, रोज. आई म्हणायची, एवढं दार उघडं हाय, तरी भिंतीतनंच जायचंय का तुमाला?

तिथपासून मला चैन नाही.

जीपमध्ये बसले आणि एकेक आठवायला लागलं. तुम्ही कळपाच्या पुढं चालणारा माणूस, मागून चालायला कधी लागलात? मागून चाललं की सगळी मेंढरं समोर राहतात, म्हणून का? घंटेची मेंढी तुम्ही कायम डाव्या अंगाला ठेवायचात, ती का? कुणी हाक मारली की नुसती मान वळवायची सोडून सगळ्या अंगासकट फिरायचात. आम्ही हसायचो. ताट वाढलं की डावीकडची चटणी तशीच राहायची आणि वर आईलाच विचारायचात, आज चटणी न्हाई केली? किती हसलोय आम्ही!

आणि तुमचं ते ऑपरेशन! डोळ्यावर काळा चष्मा लावून घरी आलात ते नवरदेवाच्या थाटात. ‘लई लख्ख दिसतंय,’ असं पारावर जाऊन सांगितलंत. पुन्हा दाखवायला या म्हणाले होते, तर तुम्ही मेंढरं घेऊन चराईला निघून गेलात. थेंबाची बाटली दिली होती ती तरी? एका कोकराचे डोळे चिकटले होते म्हणून त्याच्या डोळ्यात घातलीत. कोकरू बरं झालं ते गावभर सांगत फिरलात. आबा, तुमच्यावर रागवावं की हसावं? तेव्हा दाखवायला गेला असतात तर कुणीतरी आत बघितलं असतं की नसतं? मला माहीत नाही. पण गेला असतात तर निदान मला आज हा प्रश्न पडला नसता.

आता खरं बोलते. मला तो फेटा झोपू देत नाही.

तुमच्या धाकट्या भावाच्या, नानाच्या लेकीचं, आशाचं लग्न. वडगावात शाळेपुढं मांडव, बाहेरगावचा बँड. अक्षता पडायच्या आधी मानाच्या माणसांना फेटे बांधायचे चालले होते. बांधायला एक माणूस खास बोलावलेला, पण नानानं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, दादाचा फेटा मी माझ्या हातानं बांधणार. तुम्हाला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. गुलाबी फेटा घेऊन तो तुमच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. बँड एवढा की शेजारच्याचं बोललेलं ऐकू येईना. आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही उठलात आणि सरळ पाण्याच्या टाकीकडे चालत गेलात. नाना दोन्ही हातांत फेटा धरून तसाच उभा. सगळ्या भावकीनं ते बघितलं. व्याही हसले.

तुम्ही पाणी पिऊन परत येऊन बसलात. वाट बघितलीत. सगळ्या व्याह्यांना फेटे बांधले, तुमच्या डोक्याला तोच जुना पटका. जेवण न करता घरी आलात आणि आईला म्हणालात, ‘सख्ख्या थोरल्या भावाला फेटा न्हाई. माझा मान त्यानं मांडवात मोडला.’ तिकडे नाना म्हणत होता, मी फेटा घेऊन उभा राहिलो, दादा माझ्या तोंडापुढनं उठून गेला. तुम्ही म्हणालात, खोटं. त्यानं म्हटलं, तूच खोटा. अंगण एक होतं, त्याच्या मधोमध बोरीच्या काट्या आल्या.

तेवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. रागराग काय, सणाला विरघळतो. पण भावकीनं तुम्हा दोघांना खंडोबाच्या देवळात नेलं आणि म्हटलं, उचला भंडारा. तुम्ही उचललात. ‘माज्यापुढं फेटा आला न्हाई.’ त्यानंही उचलला. ‘मी फेटा घेऊन हुबा हुतो.’ आबा, देवाचा भंडारा हातात घेऊन आपल्यात कुणी खोटं बोलत नाही. मग दोघांतला एक बोललाच की! गावानं तसंच धरलं. मांडवात बघणारे तर सगळे नानाच्या बाजूचे होते, कारण त्यांनी डोळ्यानं बघितलं होतं.

मी तुमची लेक. तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मग नाना खोटा? ज्यानं मला खांद्यावर बसवून नारायणगडची यात्रा दाखवली, तो खोटा? मला हे कधी जुळवताच आलं नाही. माहेरी आले की त्या काट्यांकडे बघून माझं डोकं फिरायचं. दोघांना एका दाव्याला बांधून झोडावं वाटायचं.

आणि तुम्ही गेलात तेव्हा? चराईहून येऊन ओट्यावर टेकलात, छातीत कळ आली आणि संपलात. मातीला माणसं जमली तशी कुजबुजही जमली. भंडारा फिरला म्हणे, खोटी शपथ अंगावर आली! माझ्या कानांनी ऐकलंय. नाना आला होता. लांब बाभळीखाली उभा राहिला, शेवटी माती टाकली आणि कुणाकडेही न बघता गेला. माझ्या जवळून गेला, अगदी जवळून, आणि माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. तेव्हा मनात म्हटलं होतं, दगड आहे हा माणूस.

दुसऱ्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. विचारलं, आमच्या आबांना हेच होतं का? त्या म्हणाल्या, न बघितलेल्या डोळ्याचं मी कसं सांगू? पण तुम्ही सांगताय त्यावरून असू शकेल. मग म्हणाल्या, त्यांचे कुणी सख्खे भाऊ-बहीण आहेत का? असतील तर त्यांचे डोळे आधी तपासा.

म्हणजे नाना. नानाचे डोळे! आणि जाऊन सांगणार कोण? मीच. काट्यांच्या अलीकडची. जावं तर हाकलून देईल, न जावं तर तिकडे त्याची नजर रोज थोडी थोडी चालली असेल. सांगा, काय करू? उठते आता. वडगावची जीप भरली असेल. हा कागद असाच ठेवते.

आबा, जाऊन आले. दोन्हीकडे जाऊन आले, नानाकडे आणि नानाला घेऊन दवाखान्यात. आता सगळं एका दमात सांगते, नाहीतर रडू येईल आणि राहून जाईल.

काट्यांना वळसा घालून मी मागच्या बाजूनं गेले. नाना ओट्यावर बसून लोकर विंचरत होता. त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. शब्द काढला नाही. हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्या जवळ. काकू दारातून बघत होती, तिला मी नजरेनंच थांब म्हटलं. नाना लोकर विंचरतोय, खाली ठेवतोय, पुन्हा उचलतोय. मी उभीच.  मातीच्या दिवशी तो माझ्या जवळून गेला ना, तो असाच गेला होता.

‘नाना,’ म्हटलं तर केवढ्यानं दचकला.

‘कोन हाय?’

‘मंगल.’

अंगासकट फिरला. अगदी तुमच्यासारखा. मग ओळखलं आणि तोंड घट्ट केलं. ‘कशाला आलीस?’

मी डोळ्याचं काढलं. माझं सांगितलं, थेंब दाखवले. तो म्हणाला, मला सगळं दिसतंय, समोरच्या लिंबावरचा कावळा दिसतोय. मी म्हटलं, लिंब समोर आहे. काकूला राहवलं नाही. म्हणाली, परवा चौकटीला कपाळ फोडून घेतलंय, काल कोकरावर पाय दिला, आणि दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतात. नाना तिच्यावर खेकसला. मग एकदम आवाज उतरला त्याचा. खाली बघत म्हणाला, ‘डोळं गेलं म्हनून गावात कळू दे फकस्त. म्हनतील, ह्येचाच भंडारा खोटा हुता.’

तर हे होतं, आबा! तो दगड नव्हता. तो भीत होता. तुम्ही गेलात तेव्हा गाव तुमच्याबद्दल जे बोललं, ते त्यानंही ऐकलं होतं. आता तेच त्याच्याबद्दल बोलतील म्हणून हा माणूस मुकाट्यानं आंधळा व्हायला निघाला होता.

मी त्याच्यासमोर बसले. डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर केलं होतं तेच केलं. म्हटलं, नाना, एक डोळा झाका आणि माझ्या नाकाकडे बघा, नजर हलवायची नाही, बोट दिसलं की सांगा. बोट बाजूनं हळूहळू पुढं आणत गेले. काकूला दारातून दिसत होतं. नानाला नाही. माझं बोट जवळजवळ त्याच्या नाकासमोर आलं तेव्हा म्हणाला, आता दिसलं. मी म्हटलं, हे कधीपासून हलतंय ते काकूला विचारा. काकूनं पदर तोंडाला लावला.

मग मी फेट्याचं सांगितलं. तुमची चौकट, चटणी, घंटेची मेंढी, सगळं. म्हटलं, नाना, तुम्ही डावीकडून आला होता.

नाना विंचरलेली लोकर पुन्हा पुन्हा हातात घेत राहिला. मग म्हणाला, ‘म्हंजी दादानं फेटा बघितलाच न्हाई?’

‘न्हाई, नाना.’

‘आन् मी तर हुबा हुतो.’

‘हो. तुम्हीबी खरं, आबाबी खरं.’

 नाना तर लहान लेकरागत रडला. आबा, तुम्ही असतात तर तुम्हीही रडला असतात, उगाच मिशा चोळत बसू नका तिथं.

दवाखान्यात तो शहाण्यासारखा वागला. मशीनमध्ये तोंड घातलं, बटण दाबलं. काचबिंदूच निघाला. डाव्या डोळ्यात आता फारसं उरलेलं नाही, उजव्यात आहे आणि ते राखता येईल असं बाई म्हणाल्या. मला वाटलं, खचेल. तर त्यानं विचारलं, बाई, ह्ये रक्तात येतं म्हनता, ते एका कागदावर लिहून देता का? बाईंना कळेना. मला कळलं. त्याला ते भावकीला दाखवायचं होतं. मी म्हटलं, नाना, कागद कशाला, भावकीला रांगेत बसवू आणि बोट दाखवू. तेव्हा हसला. कितीतरी वर्षांनी मी नानाला हसताना बघितलं.

येताना त्यानं जीप आपल्या रानापाशी थांबवायला लावली. पिशवीतून काय काढलं असेल? तोच गुलाबी फेटा. पेटीत ठेवला होता त्यानं. फेकला नाही, दुसऱ्या कुणाला बांधला नाही. सकाळी निघतानाच पिशवीत घातला होता आणि मला पत्ताही लागू दिला नाही. घड्यांवर रंग उडालाय, आत अजून तसाच आहे.

लिंबाखाली तुम्हाला माती दिली तिथं बांधलेला तुमचा ओटा. मी हात धरून त्याला नेत होते, तर हात सोडवून घेतला. डावीकडून जवळ पडत होतं. तिकडून गेला नाही. ढेकळं तुडवत, ठेचकाळत, सगळा वळसा घालून तुमच्या बरोबर समोर जाऊन उभा राहिला. फेटा दोन्ही हातांवर धरला, लग्नात धरला होता तसा.

‘दादा,’ म्हणाला, ‘म्होरून आलोय. आता तरी बघ.’

आणि ओट्यावर त्यानं फेटा ठेवला, कमरेच्या बटव्यातला भंडारा त्यावर टाकला आणि खाली बसला. मी मागं उभी होते. जीपवाला हॉर्न देत होता, मी त्याला हातानं थांब म्हटलं. आबा, दिसला का हो फेटा? तिथं तरी सगळीकडचं दिसतं का? मला अजून स्वस्थता नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी दोन माणसांची म्हातारपणं काट्यांत गेली, आणि त्यातलं एक तर परतही येणार नाही. याचा राग मी कुणावर काढू?

बाही लावायची राहिलीय, ती आज लावीन. पण आधी शब्द देते. नानाचे थेंब काकूच्या हाती दिलेत, आणि ते कोकराच्या डोळ्यात जाणार नाहीत हे मी दर बाजारी येऊन बघणार आहे. माझेही चुकवणार नाही. आशाला दवाखान्यात नेणार, माझ्या लेकीला नेणार, कुरकुर केली तर कान धरून नेणार. येत्या यात्रेला खंडोबाच्या देवळात सगळ्या भावकीसमोर उभी राहीन, भंडारा उचलीन आणि सांगेन की तुमचा खरा होता आणि नानाचाही खरा होता. काट्या तर नानानं कालच उपटायला घेतल्या. डावीकडच्या त्याला दिसत नाहीत, तेवढ्या मी उपटते.

तुमची,
मंगल